गांगुर्डे पेंटर आणि आप्पांचा हात

गांगुर्डे पेंटरांकडे कोणी आपल्या गेलेल्या माणसाचे चित्र काढून घ्यायला आले, की ते आधी फोटो मागत नसत. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणत, "बसून दाखवा."

आलेला माणूस गोंधळून जाई. "मी? अहो, चित्र माझं नाही, वडिलांचं काढायचंय."

"तेच म्हणतो. वडील कसे बसायचे, तसे बसून दाखवा."

मग गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एखादा जाडजूड सिंधी व्यापारी त्या स्टुलावर चढे, एक पाय वर घेई, वडिलांसारखा कान खाजवून दाखवी आणि स्वतःच हसत सुटे. कधी कोणी मध्येच रडू लागे. गांगुर्डे हनुवटीवर हात ठेवून नुसते बघत राहत. हातात पेन्सिलही नसे. "फोटोत माणूस श्वास रोखून बसलेला असतो," ते म्हणत. "मला श्वास सोडलेला माणूस पायजे."

त्यांचे पूर्ण नाव तुळशीराम गांगुर्डे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, म्हणजे सिंधी निर्वासितांच्या जुन्या वस्तीत, एका फोटोफ्रेमवाल्याच्या दुकानाला लागून त्यांची अरुंद खोली होती. पुढे पाट्या आणि स्कूटरच्या नंबर प्लेटा रंगवायच्या, मागे पडद्याआड चित्रे. अंगाने वाळके, उंच, रंगाने काळे. काम करताना बनियन घालत, पण गिऱ्हाईक आले की खुंटीवरचा धुतलेला शर्ट चढवून बटणे लावून मगच बोलायला बसत. वडील नाशिककडून कामाला इकडे आलेले. घर बौद्ध. खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी ब्रश उभे ठेवलेली बरणी.

मी त्यांच्याविषयी लिहितो आहे, कारण त्यांच्याबाबतीत एक खोटी गोष्ट बदलापुरात आजही सांगितली जाते आणि ती माझ्यामुळे सांगितली जाते. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. ज्यांना भ्यायचे ते सगळे वारले. त्यामुळे या लिहिण्याला धैर्य वगैरे कोणी म्हणू नये.

मी अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात स्टोअरमध्ये हेडक्लार्क होतो आणि राहायला बदलापूरला, कुळगावात. गावातल्या वाचनालयाचा सेक्रेटरीही होतो. सत्त्याऐंशी साल असेल. मुलीच्या गणवेशाचे कापड घ्यायला उल्हासनगरला गेलो होतो. दुकानात गल्ल्याच्या वर एका म्हातारीचे तैलचित्र होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि तोंड किंचित उघडे, जणू आता कोणावर तरी ओरडणार. मी कापड विसरून तिथेच उभा राहिलो.

दुकानदार हसला. "मेरी मम्मी है. देखो ना सांई, अभी भी डांट रही है."

"किसने बनाया?"

"गांगुर्डे पेंटर. पीछे की गली में, फ्रेमवाले के बाजू में. लेकिन संभलके जाना, सवाल बहुत पूछता है. मैंने बोला मम्मी को सोने की चूड़ी पहना दो. पूछा, पहनती थी? मैंने बोला नहीं. बोला, फिर?" त्याने दोन्ही हात हवेत उडवले. "अब इस ‘फिर’ का मैं क्या जवाब दूं?"

मला नेमका असा माणूस हवा होता. आमचे वाचनालय आप्पा दातारांनी काढले. कुळगावच्या शाळेत त्यांनी हयात घालवली आणि वाचनालय स्वतःच्या पुस्तकांवर सुरू केले. मी त्यांचा विद्यार्थी. ते जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती आणि नव्या हॉलमध्ये त्यांची तसबीर लावायचे कमिटीत ठरत होते. आमचे अध्यक्ष पाटील काका म्हणाले, "फोटू मोटा करून लावला की झालं. रंगवून कशाला पायजे?" मी हट्ट धरला. आप्पांचा एकच फोटो होता, निवृत्तीच्या वेळी स्टुडिओत काढलेला, आणि स्टुडिओवाल्याने तो इतका गुळगुळीत केला होता की आप्पा त्यात मेणाचे वाटत. शेवटी पाटील काका कंटाळले. "मंग तुमीच बगा, सबनीस. जबाबदारी तुमची."

म्हणून मी गांगुर्ड्यांच्या खोलीत जाऊन पोचलो. त्यांनी शर्ट चढवला, बटणे लावली आणि स्टुलाकडे बोट दाखवले.

"आप्पा बसत नसत," मी म्हणालो. "मी त्यांना कायम उभंच पाहिलं."

"मग उभं राहून दाखवा."

पंचेचाळिशीला आलेला मी त्या खोलीत आप्पांसारखा उभा राहिलो. मान थोडी डावीकडे, डावा हात पाठीमागे, उजव्या हातात पुस्तक आणि त्यात खुणेसाठी घातलेले बोट. शेजारचा फ्रेमवाला पडदा सारून बघून गेला. गांगुर्डे हनुवटीवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचा जीव होता ह्या माणसावर. काढू आपण."

पुढचे चार रविवार ते बदलापूरला येत राहिले. आप्पांचा वर्ग पाहिला. खिडकीतून सकाळी ऊन कुठवर येते ते पाहिले. जांभूळ गावाहून चालत शाळेला येणारा एक जुना विद्यार्थी होता, त्याच्याकडे आप्पा रागावले की काय करत याची चौकशी केली. मी एकदा म्हणालो, "इतकं कोण बघणार आहे, गांगुर्डे?"

"भाऊ, जिता माणूस चित्र बघून बोलतो, माझं नाक चुकलं म्हणून. मेलेल्याला तक्रार करता येत नाय. म्हणून त्याच्या बाजूनं मलाच बघायला लागतं."

ते मला ‘भाऊ’ म्हणू लागले होते. मला ते आवडले होते.

आप्पांचे चिरंजीव अनंतराव यांच्याकडेही आम्ही गेलो. अनंतरावांनी चष्मा, कोट, टोपी सगळे बाहेर काढून दाखवले. चहा झाला. गांगुर्ड्यांनी विचारले, "हात कसे होते?"

"हात?" अनंतराव म्हणाले. "हातासारखे हात." आणि ते कोटाची घडी घालू लागले.

बाहेर पडून स्टेशनच्या रस्त्याला लागलो तेव्हा गांगुर्डे म्हणाले, "भाऊ, घरच्या माणसानं हाताचं टाळलं. काय होतं हाताला?"

मी सांगितले. आप्पांच्या उजव्या हातावर कोड होते. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे डाग. पहिलीत असताना मला वाटे, खडू लागला आहे. मी एकदा भर वर्गात विचारले होते, "आप्पा, तुम्ही हात धुतला नाहीत?" आप्पांनी हात वर धरला, उलटा-सुलटा करून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "धुतला रे. पण खडूला मी फार आवडतो, तो सोडत नाही." त्या दिवसानंतर वर्गात कोणाला त्या हाताची भीती वाटली नाही. आप्पांनी तो हात कधी बाहीत लपवला नाही, खिशात घातला नाही. त्याच हाताने त्यांनी मला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवले.

गांगुर्डे रस्त्यातच थांबले. पिशवीतून खडू काढून त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. "कुठंकुठं? इथं? अंगठ्यापर्यंत?" मी सांगत गेलो आणि ते माझ्या हातावर खडूने डाग काढत गेले. करंगळी पूर्ण पांढरी, मधल्या बोटाचे पेर तेवढे काळे राहिलेले, मनगटावर बेटासारखा एक ठिपका. मला वाटले होते मी विसरलो असेन. एकही डाग विसरलो नव्हतो. घरी गेल्यावर बायकोने विचारले, "हे काय लावून आलात?" मी नुसता हात बघत बसलो. जेवायच्या वेळेपर्यंत धुतला नाही.

स्टेशनात शिरताना गांगुर्डे एक गोष्ट बोलले होते, ती इथे नीट लिहून ठेवतो. "डाग काढायचे तर घरच्यांना विचारा, भाऊ. आपण बाहेरचे. माणूस त्यांचा आहे. ते नाय बोलले तर मी हात पुस्तकामागं घेईन. खोटा नाय काढणार, पण झाकीन."

मी म्हणालो, "विचारतो."

मी विचारले नाही. अनंतरावांची मुलगी मेधा लग्नाची होती, स्थळे बघणे चालू होते. कोड वंशात उतरते अशी तेव्हा लोकांची पक्की समजूत होती. अनंतराव ‘नको’ म्हणणार हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्यांच्याकडे गेलोच नाही. चित्र एकदा भिंतीवर लागले की कोण काय बोलणार, असे मी मनाशी धरले होते. आप्पा जसे होते तसे दिसावेत ही माझी इच्छा खरी होती. पण तिची जोखीम मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत होतो, हे माझ्या लक्षात आले नाही असे मी म्हणणार नाही.

पुढच्या वेळी गांगुर्ड्यांनी विचारले, "घरच्यांना विचारलंत?"

"हो. सगळ्यांना पसंत आहे."

हे माझे पहिले खोटे.

गांगुर्ड्यांचा एक नियम होता. मोठे चित्र सुरू करण्याआधी ते कागदावर रंगात एक लहान कच्चे चित्र करत आणि गिऱ्हाइकाला दाखवून मागच्या बाजूला त्याच्या हाताने लिहून घेत. "लोकांचं मन फिरतं, भाऊ. आज बोलतात अशी होती आमची आई, आणि चित्र झालं की सुनेला वाटतं सासू जरा गोरी पायजे. सही असली की मन जाग्यावर राहतं." आमचे कच्चे चित्र त्यांनी माझ्यासमोर ठेवले. खिडकीतले ऊन त्या हातावर पडले होते. काळी कातडी आणि पांढरे डाग, दोन्हींवर सारखेच. कागद उलटा करून मी मागे लिहिले, ‘पाहिले. असेच हवे.’ खाली सही केली, तारीख घातली.

चित्राचे अनावरण आप्पांच्या पुण्यतिथीला ठेवले. हॉल भरला होता. दुसऱ्या रांगेत डोंबिवलीहून आलेले मेधाचे होणारे सासू-सासरे बसले होते. त्यांची बोलणी त्याच आठवड्यात व्हायची होती. मागे भिंतीशी गांगुर्डे उभे होते, खांद्याला पिशवी. बरोबर त्यांची बायको इंदूताई आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रज्ञा, दोघी नवे कपडे घालून आलेल्या. गांगुर्ड्यांची चित्रे तोवर लोकांच्या घरांत आणि दुकानांत लागली होती. तिथे हार घातला की कोपऱ्यातली सही झाकली जाई. चारचौघांत लागणारे हे पहिलेच चित्र. सही कुठे केली आहे ते त्यांनी पोरीला घरूनच सांगून ठेवले होते. पडदा ओढल्यावर ती चवड्यांवर उभी राहून कोपरा शोधत होती, ते मला व्यासपीठावरून दिसले.

पहिला आवाज आला तो शाळेच्या जुन्या शिपायाचा. "आरं, ह्ये तर आप्पाच!" टाळ्या सुरू झाल्या. आणि मग अनंतराव उठून चित्राजवळ गेले.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "हे काय काढलंय हातावर? हा आप्पांचा सन्मान आहे की विटंबना? घरात मुलीचं लग्न जमतंय आणि तुम्ही... हे कोणी सांगितलं काढायला?"

टाळ्या थांबल्या. पाटील काका माझ्याकडे वळले. "सबनीस, ह्ये तुमी आदी बगितलं व्हतं का?"

नोकरी जाणार नव्हती. कोणी मारणार नव्हते. फार तर अनंतरावांनी बोलणे टाकले असते आणि सेक्रेटरीपद गेले असते. तेवढ्यासाठी मी म्हणालो, "नाही. मला दाखवलं नव्हतं."

मागून कोणी तरी म्हणाले, "कॅम्पातून माणूस आणला की असंच होणार. त्या लोकांना काय कळणार आपल्या घरातलं?" ‘त्या लोकांना’ म्हणजे कोणाला, हे हॉलमधल्या प्रत्येकाला समजले. इंदूताईंना समजले. मला वाटते, पोरीलाही समजले.

गांगुर्ड्यांचा हात पिशवीत गेला. कच्चे चित्र त्या पिशवीत होते. आणल्याचे त्यांनीच मला सकाळी सांगितले होते, कोणाला बघायचे असेल तर असावे म्हणून. मी त्या हाताकडे बघत उभा होतो. हात क्षणभर आत राहिला आणि रिकामा बाहेर आला.

"मग माझंच चुकलं असेल, साहेब," ते म्हणाले. पाटील काकांकडे नव्हे, माझ्याकडे बघून. ‘भाऊ’ त्या दिवशी संपले.

कमिटीने त्यांना डाग झाकून द्यायला सांगितले. ते म्हणाले, "पुसायचं तर दुसऱ्याकडून पुसून घ्या. मग माझं नाव पण पुसा. अर्धं चित्र माझं म्हणून लावू नका." एवढे बोलून बायको-मुलीला घेऊन ते निघून गेले.

तेही काम माझ्याच गळ्यात आले. आमच्या कारखान्यात पिंपांवर अक्षरे रंगवणारा एक माणूस होता, त्याला मी आणले. त्याने अर्ध्या तासात हात एकसारखा रंगवला आणि कोपऱ्यातली सहीही झाकली. रंग त्याला जुळवता आला नाही. हात गुलाबी झाला, रबरी हातमोजा घातल्यासारखा. "चालंल ना, सायेब?" त्याने विचारले. मी म्हणालो, चालेल. बदलापुरात बोभाटा झाला तो असा, की उल्हासनगरच्या कुणा पेंटरने कोणालाही न विचारता आप्पांच्या अंगावर कोड काढले. अंबरनाथच्या एका शाळेने त्यांना काम द्यायचे ठरवले होते, त्यांनीही ते दुसऱ्याला दिले.

आठवड्याने मी कॅम्पात गेलो. गांगुर्डे चित्र रंगवत होते. कोणा सिंधी आजीच्या मनगटावर सोन्याची बांगडी चढत होती. मी स्टुलावर बसलो. ते वळले नाहीत, शर्टही चढवला नाही.

"गांगुर्डे, तुम्ही कागद का काढला नाही?"

"काढून काय झालं असतं, साहेब? तुम्ही खोटे पडला असता. पण हात पुसायचा तो पुसलाच असता त्यांनी. मग उगाच दोघांची बेअब्रू कशाला?" ब्रश बरणीत बुडवून ते म्हणाले, "मला एकच सांगा. घरच्यांना विचारलं म्हणाला होता, ते?"

मी बरणीतल्या ब्रशांकडे बघू लागलो.

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा बांगडीकडे वळले.

काही तरी बोलायचे म्हणून मी विचारले, "ह्या आजी बांगड्या घालायच्या का?"

"नाय. कधीच नव्हत्या. सुनेला पायजेत." ते शांतपणे म्हणाले. "आता मी सांगतील ते काढतो. विचारत बसत नाय. विचारून कोण खरं सांगतं?"

माझ्या हातून झालेले खरे नुकसान हे, असे मला आज वाटते. अपमान लोक विसरले असते, काम दुसरे मिळाले असते. पण त्यानंतर त्या खोलीत कोणी आले की गांगुर्डे सरळ फोटो मागत. त्यांची पुढची चित्रे मी पाहिली आहेत. नाक-डोळे तंतोतंत आणि सगळी माणसे श्वास रोखून बसलेली.

मी निघताना त्यांनी कच्चे चित्र माझ्यापुढे धरले. "हा तुमचा कागद. मी कुठं दाखवायला जाणार नाय." मी तो घेतला. विठ्ठलवाडी स्टेशनाच्या पुलावर उभा राहून त्याचे तुकडे केले. त्यामुळे आज मी सांगतो त्याला माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत वाचकांनी वर पाहिलीच आहे.

मेधाचे लग्न त्याच स्थळाशी झाले. पुढे काही वर्षांनी कल्याणला एका मुंजीत तिच्या सासऱ्यांशी गाठ पडली. जेवताना मी धीर करून त्या दिवसाचा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, आम्हाला आधीच ठाऊक होतं! आप्पांना काय कोणी पाहिलं नव्हतं? सगळ्या गावानं तो हात बघितलेला. आम्ही डॉक्टरांना विचारूनच आलो होतो. त्या दिवशी एवढा गोंधळ कशाला झाला, तेच आम्हाला कळेना." त्यांनी पानात आणखी श्रीखंड वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर गांगुर्ड्यांकडे गेलो. नव्वदच्या दशकातली पाच-सहा वर्षे उलटली होती. फोटो मोठे करून देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली होती आणि त्यांच्याकडे बहुतेक नंबर प्लेटाच उरल्या होत्या. मी सासऱ्यांचे बोलणे सांगितले. ते हसले, पुष्कळ दिवसांनी. "म्हणजे फक्त आपणच घाबरलो होतो तर." त्यांनी ‘आपण’ म्हटले. ते घाबरले नव्हते.

"मी सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हणालो. "सभेत उभा राहून."

"कधी?" त्यांनी विचारले. टोमणा नव्हता, एखादी पाटी कधी हवी ते विचारावे तसे.

"यंदाच्या वार्षिक सभेत."

त्या सभेत मी इतिवृत्त वाचले, हिशेब वाचला आणि खाली बसलो. पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी गांगुर्डे गेले. कावीळ झाली होती, अंगावर काढली. मला फ्रेमवाल्याकडून समजले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. घरासमोर लहानसा मांडव होता. त्रिसरण-पंचशील झाले आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. फ्रेमवाला हिंदीत बोलला आणि मध्येच थांबून खाली बसला. सूत्रसंचालकाने मला ओळखले. "बदलापूरच्या वाचनालयाचे सबनीस साहेब आले आहेत." मी उठलो. गांगुर्डे थोर कलावंत होते, मितभाषी होते, असे काही तरी म्हणालो. लोक पुढचे ऐकायला थांबले होते. मी हात जोडले.

निघताना प्रज्ञा जवळ आली. विशीची झाली होती, कुठल्या तरी ऑफिसात लागली होती. वडिलांसारखीच उंच.

"काका, त्या दिवशी मी हॉलमध्ये होते," ती म्हणाली.

"आठवतंय मला."

"बाबा त्या विषयावर घरी कधी बोलले नाहीत. आई भांडायची, की कोणाला विचारल्याशिवाय तुम्ही असं कसं काढलंत. तर एवढंच म्हणायचे, ज्यानं मला त्या हाताचं सांगितलं, त्यानं बरोबर सांगितलं होतं. इतकं बरोबर सांगणारा पुन्हा कोणी भेटला नाही. कोण ते त्यांनी नाव घेतलं नाही. तुम्ही सेक्रेटरी होता, तुम्हाला माहीत असेल. मला त्या माणसाला भेटायचंय. भांडायला नाही. बाबा कसे विचारायचे, कसे ऐकायचे, ते त्यानं बघितलं असेल ना. मी तेव्हा लहान होते."

नाव त्यांनी घरातही घेतले नव्हते. बायकोच्या नजरेत स्वतः चुकीचे ठरले, पण माझे नाव घेतले नाही.

मी म्हणालो, "तेव्हा बऱ्याच लोकांशी बोलले होते ते. आता आठवत नाही."

हे तिसरे खोटे, आणि सगळ्यांत वाईट. पहिली दोन निस्तरता आली असती, माणूस जिवंत होता. या वेळी समोर त्याची मुलगी होती आणि ती माझ्याकडे काही मागत होती, जे फक्त माझ्यापाशी होते.

"असू द्या," ती म्हणाली. "जेवून जा, काका." मी त्या मांडवात बसून जेवलो.

ते घर त्यांनी नंतर विकले. माय-लेकी कुठे गेल्या ते फ्रेमवाल्याच्या मुलालाही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात मी वाचनालयाच्या कमिटीला हे सगळे लिहून दिले, सही करून. हॉलमधले आप्पांचे तैलचित्र तुळशीराम गांगुर्डे यांनी काढले आहे, गुलाबी हात त्यांचा नाही, आणि त्यांनी मला घरच्यांची परवानगी घ्यायला सांगितले होते. नव्या मंडळींनी वाचून घेतले. चित्राखाली नाव लावू म्हणाले. एकाने विचारले, "काका, इतकी वर्षं का बोलला नाहीत?" मी उठून त्याला चित्राचा सही झाकलेला कोपरा दाखवला.

पण खरा अर्ज तिथे करायचाच नव्हता. हे तुझ्या वाचनात येईल की नाही, मला ठाऊक नाही, प्रज्ञा. त्या हाताचे तुझ्या बाबांना मी सांगितले. स्टेशनच्या रस्त्यावर, एका रविवारी दुपारी. ते कसे विचारायचे आणि कसे ऐकायचे, ते सगळे मला आठवते. अजून सांगता येईल, पण लवकर ये.